शेजाऱ्यांच्या उंबराची मुळं आमच्या कंपाउंड वॉलखाली शिरली आहेत, भिंतीला तडा गेलाय. शेजारी दाद देत नाहीत. मुळं मी तोडू शकतो का?

तुमच्या हद्दीत आलेल्या फांद्या आणि मुळं काढण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण तुम्ही नगरपालिका हद्दीत राहत असाल तर गडी बोलवायची घाई करू नका. चार वर्षांपूर्वी मी याच फेऱ्यातून गेलोय.

आमच्याकडेही उंबरच होता. शेजारच्या काकांच्या आईने लावलेला, बुंध्याशी दत्ताच्या पादुका. आधी संडासाचं पाणी तुंबायला लागलं. प्लंबरने चेंबर उघडलं तर आत केसांच्या गुंतवळासारखा तपकिरी मुळांचा पुंजका. आकड्याने ओढला तर हातभर लांब निघाला. मग भिंतीला तडा गेला, खाली बारीक आणि वर बोट जाईल एवढा. मी रागारागात कुऱ्हाडवाला ठरवलाही होता. वकिलांनी अडवलं, ते बरं झालं.

हक्काचं तत्त्व जुनं आहे. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात 1894 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) म्हटलं होतं की शेजाऱ्याच्या जागेत पाऊल न टाकता, आपल्या बाजूला आलेल्या फांद्या छाटता येतात. आपल्याकडची न्यायालयंही हेच धरून चालतात. झाड तीस वर्षं तसंच वाकलेलं आहे, म्हणून वहिवाट लागत नाही. छाटलेली फांदी आणि तिच्यावरची फळं मात्र झाडमालकाची.

पण महाराष्ट्रातल्या शहरांना 1975 चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा लागू आहे. त्यात 'झाड तोडणे' म्हणजे फक्त बुंध्यावर घाव घालणे नव्हे. जाळणे, कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येतं. परवानगीशिवाय जाड मुळं तोडलीत तर गुन्हा तुमच्यावर. शिवाय एका बाजूचा आधार तुटलेलं झाड पुढच्या पावसात कुणाच्या अंगावर पडलं तर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल. म्हणून नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे फोटोंसकट अर्ज करा. ते जागेवर येऊन बघतात. झाड जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल तर कायद्यातच त्याचा विचार केलेला आहे.

त्याआधी, आजच्या आज, शेजाऱ्यांना लेखी कळवा. सगळ्यात जास्त वजन याच कागदाला आहे. झाडामुळे नुकसान झालं की समोरचा पहिली गोष्ट म्हणतो, 'मला कल्पनाच नव्हती, वादळ आलं त्याला मी काय करू?' तडा कुठे आहे, कधी दिसला, मुळं कुठवर आली आहेत, हे तारखेसह लिहून स्पीड पोस्टाने पाठवलंत आणि पोच जपून ठेवलीत की ही पळवाट बंद होते. तोंडी दहा वेळा सांगितलेलं कोर्टात कुणी मोजत नाही. भाषा मात्र साधी ठेवा, धमकी नको. हेच पत्र उद्या न्यायाधीश वाचणार आहेत.

दुसरं, तडा झाडामुळेच गेला हे सिद्ध करावं लागतं. काळ्या मातीवरच्या भिंती उन्हाळ्यात माती आकसली की अशाही तडकतात आणि समोरचा वकील हेच म्हणणार, किंवा पाया कच्चा आहे म्हणणार. आमच्या इंजिनिअरने तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून खाली तारीख लिहिली होती. दिवाळीपर्यंत ती मधोमध तुटली, म्हणजे भिंत अजून सरकत होती. भिंतीलगत आपल्या बाजूने खड्डा घेऊन पायाखालचं मूळही त्याने फोटोत घेतलं.

बुंधा नेमका हद्दीवर असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, कारण मग झाड दोघांचंही ठरू शकतं.

एवढं करूनही ऐकलं नाही तर दिवाणी दावा. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 खाली त्रास दूर करण्याचा आदेश आणि त्यासोबत नुकसानभरपाई मागता येते. जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमा, असा अर्ज तुमच्या वकिलांना द्यायला सांगा. झाड पडायच्या बेतात असेल तर इतका वेळ नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 133 होतं.

आमचं प्रकरण कोर्टात गेलं नाही. पत्र आणि तुटलेली काच पाहिल्यावर काका स्वतः वृक्ष अधिकाऱ्याकडे माझ्यासोबत आले. भिंतीकडची बारीक मुळं परवानगीने काढली, मोठं मूळ राखलं आणि भिंतीचा तेवढा भाग मुळावरून कमान घेऊन पुन्हा बांधला. खर्च निम्मा निम्मा. उंबर आहे, पादुकाही आहेत.

पावसाळ्याआधी खड्डा घेऊन फोटो काढून ठेवा. एकदा खड्ड्यात पाणी साचलं की मूळ दिसत नाही.