उसगावची उठाठेव : बाउलची रया कुणी घालवली?

वाचकांचे प्रश्न, एका जुन्या मिशिगनकराची उत्तरं

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकतो आणि कॉलेजच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. डिसेंबरात त्यांच्या फुटबॉल टीमला कुठल्याशा 'बाउल'चं आमंत्रण आलं, म्हणून आम्ही पेढे वाटले. आता तो फोनवर सांगतो की टीममधला सगळ्यात भारी खेळाडू खेळणार नाही, कोच दुसऱ्या कॉलेजात गेला आणि सामना जिंकलो काय, हरलो काय, सारखंच. मग हा खटाटोप कशासाठी? आणि ऐन वेळी अंग काढून घेणाऱ्या पोराला कुणी जाब कसा विचारत नाही?
*— एक आजोबा, सांगली*

उत्तर : आजोबा, पेढे वाटलेत ते उत्तम केलंत. नातवाला फुकटात नवीन गाव बघायला मिळालं आणि बँडवाल्यांसाठी बाउल आजही तेवढाच मोठा आहे.

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून धडका मारण्याचा. कॉलेजांचा हंगाम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकतो. त्यानंतर उबदार हवेच्या एखाद्या शहरात दोन टीमना बोलावून एकच जादा सामना खेळवायचा, हा झाला बाउल. याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाची. भर जानेवारीत आमच्याकडे गुलाब फुलतात हे बर्फात कुडकुडणाऱ्या पूर्वेकडच्या लोकांना दाखवायला तिथे फुलांची मिरवणूक निघायची. 1902 साली तिच्या जोडीला एक सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असं धुतलं, तेही असं की स्टॅनफर्डने वेळ संपायच्या आधीच हात टेकले. आयोजक इतके हिरमुसले की पुढे बरीच वर्षं फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परत आला तो 1916 मध्ये. तो रोझ बाउल. त्याचं बघून 1935 मध्ये मायामीने ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लिन्सने शुगर बाउल काढला, 1937 मध्ये डॅलसने कॉटन. हॉटेलं भरावीत आणि गावाचं नाव व्हावं, एवढाच हेतू.

म्हणजे तुमचा नातू म्हणतो ते पहिल्यापासूनच खरं होतं. देशातली एक नंबरची टीम ठरवायला वार्ताहरांचं मतदान व्हायचं, ते 1968 पर्यंत जवळपास नेहमी बाउलच्या *आधी* उरकलेलं असायचं. कोच लोकांचं मतदान तर त्यानंतरही काही वर्षं तसंच चाललं. 1973 मध्ये कोचांनी अलाबामाला एक नंबर देऊन टाकला, मग शुगर बाउलमध्ये नोत्र दामने त्यांना 24-23 असं हरवलं. किताब मात्र अलाबामाकडेच राहिला! त्यावर एवढा बभ्रा झाला की कोचांनीही पुढच्या वर्षापासून मतं बाउलनंतर द्यायला सुरुवात केली.

बाउलला खरं वजन आलं ते इथून. शंभरावर टीम, प्रत्येकीचे डझनभरच सामने, बाद फेरी नाही, अंतिम सामना नाही. त्यामुळे 1 जानेवारीला जे होईल तो निकाल. मी ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकायला आलो ते याच काळात. आमचे कोच बो शेंबेक्लर म्हणजे तिथलं दैवत, पण बाउलमध्ये ओळीने सात वेळा हरलेले, त्यातले पाच रोझ बाउल. 1 जानेवारी 1981 ला मिशिगनने वॉशिंग्टनला 23-6 ने हरवलं, तेव्हा सुट्टीत गाव रिकामं असूनही रस्त्यात अनोळखी माणसं आम्हा देशी पोरांना मिठ्या मारत होती. खेळाचे नियम आम्हाला धड कळत नव्हते. त्या विजयाने आम्ही देशात एक नंबर झालो नाही. तरी गावाला दुसरं काहीही नको होतं.

पुढे लोकांना पक्का विजेता हवा झाला. 1998 च्या हंगामापासून पहिल्या दोन नंबरांचा सामना ठरवून लावायला लागले, 2014 पासून चार टीमची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, 2024 पासून बारा. शेवटचा शब्द जो बाउलकडे होता, तो तिकडे गेला. उरलेल्या बाउलांकडे राहिली ती मूळची सहल.

आता त्या पोराचं. जेलन स्मिथ नावाचा नोत्र दामचा खेळाडू 1 जानेवारी 2016 ला फिएस्टा बाउल खेळला. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, खेळाडू-निवडीत तो अगदी वरच्या नंबरात जाणार हे सगळे धरून चालले होते. सामन्यात गुडघ्याचे लिगामेंट तुटले. निवड झाली 34 व्या क्रमांकावर आणि पुढचा अख्खा हंगाम बाहेर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेनर्ड फोर्नेट आणि क्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी जाहीर केलं, आम्ही बाउल खेळत नाही. काय काय ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी! स्वार्थी, दगाबाज, सगळं. एप्रिलमध्ये फोर्नेट चौथा गेला, मॅकॅफ्री आठवा. आणि त्याच डिसेंबरात आमचा जेक बट, मिशिगनचा, इमानाने ऑरेंज बाउल खेळला. गुडघा गेला. त्याची निवड पार पाचव्या फेरीत झाली. तो सामना आम्ही एका गुणाने हरलो, 33-32. तेव्हापासून न खेळणाऱ्या पोराला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

जाब विचारायचाच तर कोचला विचारा. 2025 च्या नोव्हेंबरअखेर लेन किफिन मिसिसिपीची टीम सोडून लुइझियाना स्टेटला गेले. साध्या बाउलची गोष्ट सोडा, ती टीम प्लेऑफच्या उंबरठ्यावर होती. कोट्यवधी डॉलरचा करार मिळत असताना पन्नाशीचा माणूस निघून जातो, आणि निष्ठेची अपेक्षा मात्र एकवीस वर्षांच्या पोराकडून. हे मला पटत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी याच विषयावर वाद. नवरा म्हणतो प्लेऑफने बाउलची वाट लावली. मुलगा म्हणतो पैशाने. मी दोघांना चहा देते. खरं कोणाचं?
*— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस*

उत्तर : दोघांचं निम्मं निम्मं. पण दोघेही कॅलेंडर बघायचं विसरतात.

2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. 2025 पासून तर कॉलेजंच थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजाने सगळ्या खेळाडूंना मिळून कमाल 2.05 कोटी डॉलर. पोरांच्या जिवावर सगळेच कमावत होते, आता पोरंही कमावतात. बरंच झालं. घोटाळा असा की नवीन पोरांच्या सह्या, कोचांच्या नेमणुका आणि बदली मागणाऱ्यांची ट्रान्सफर पोर्टलची खिडकी, हे सगळं डिसेंबरातच कोंबलं. बाउलही डिसेंबरातच. मग सराव कोण करणार आणि कोणासाठी?

फ्लोरिडा स्टेटचं आठवत असेल. 2023 मध्ये 13 पैकी 13 जिंकले, पण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू) जायबंदी झाला म्हणून प्लेऑफमध्ये घेतलं नाही. रागाने, दुखापतीने, बदलीने डझनावारी खेळाडू गळाले आणि उरलेल्यांना ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने 63-3 असं लोळवलं. बाउलच्या इतिहासात इतक्या फरकाने कोणी हरलं नव्हतं. नवरा-नवरी नसलेल्या लग्नाची पंगत होती ती. त्याच्या पुढच्या वर्षी मार्शल कॉलेजने आपल्या परिषदेचं (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद जिंकलं, कोच लगेच दुसरीकडे गेला, त्याच्या मागोमाग पोरंही पोर्टलमध्ये गेली, आणि माणसंच पुरेनात म्हणून त्यांनी इंडिपेन्डन्स बाउलला चक्क नकार कळवला. ऐन वेळी लुइझियाना टेकला उभं करावं लागलं.

2025 च्या डिसेंबरात नोत्र दामने कळसच केला. प्लेऑफमधून थोडक्यात वगळलं, तर म्हणे आम्ही कुठलाच बाउल खेळत नाही. (तसे ते जुने सोवळे. 1925 च्या रोझ बाउलनंतर 1970 पर्यंत त्यांनी एकाही बाउलला हजेरी लावली नव्हती.) तुमच्या यजमानांना 1973 ची गोष्ट सांगा. मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघेही अजिंक्य, आपसातला सामना 10-10 बरोबरीत. रोझ बाउलला कोण जाणार हे बिग टेनच्या (या दोघांच्या परिषदेच्या) क्रीडासंचालकांनी मतदानाने ठरवलं आणि ओहायोला पाठवलं. तेव्हा बिग टेनच्या टीमला रोझ सोडून दुसरा कुठलाच बाउल खेळायची परवानगी नव्हती. म्हणजे एकही सामना न हरता मिशिगन घरी बसलं. मी त्यानंतर काही वर्षांनी इथे आलो, तरी माझा घरमालक त्या मतदानाचा विषय निघाला की जेवण अर्धवट टाकून उठायचा. तेव्हा बाउल मिळाला नाही म्हणून लोक आयुष्यभर हळहळले, आता मिळालेला परत करतात.

पोर्टलची खिडकी 2026 पासून 2 जानेवारीला उघडायला लागली आहे. थोडी अक्कल आली म्हणायची.

प्रश्न : कोणालाच पडलेली नाही, तर चाळीसच्या वर बाउल कशाला? निम्मे बंद का करत नाहीत?
*— एक क्रिकेटवेडा, ठाणे*

उत्तर : कारण टीव्हीला पडलेली आहे. नाताळच्या सुट्टीत लोक घरी, बाहेर थंडी, रिमोट हातात. ईएसपीएन हे सामने नुसते दाखवत नाही, त्यातले डझनावर सामने तिच्याच कंपनीच्या मालकीचे आहेत. बारा सामन्यांत सहा जिंकले की टीम पात्र, आणि तेवढ्याही टीम भरल्या नाहीत तर पाच जिंकलेल्यांनाही बोलावणं जातं.

मग प्रायोजक. ऑर्लँडोच्या पॉप-टार्ट्स बाउलमध्ये (पॉप-टार्ट म्हणजे टोस्टरमध्ये गरम करून खायचा गोड पदार्थ) 2023 साली त्या पदार्थाचा वेश घेतलेला शुभंकर हसत हसत भल्यामोठ्या टोस्टरमध्ये उतरला आणि खालून त्याच आकाराचा खराखुरा भाजलेला पदार्थ बाहेर आला. जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या पोरांनी तो फाडून खाल्ला. शार्लटला मेयोनेजवाल्यांचा बाउल असतो, तिथे जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयोनेज ओततात. हसू नका. निकाल कोणाला आठवत नाही, टोस्टर सगळ्यांना आठवतो, आणि पैसे टोस्टरचेच आहेत.

तरी सगळे बंद करा असं मी म्हणणार नाही. डेट्रॉइटला नाताळच्या दुसऱ्या दिवशी एक बाउल होतो. बंदिस्त स्टेडियम, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, मला घरापासून जवळ म्हणून मी जातो. 2024 मध्ये टोलीडो विरुद्ध पिट्सबर्ग होता. टोलीडो तासाभराच्या अंतरावरचं, छोट्या परिषदेतलं कॉलेज. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ, पुन्हा बरोबरी. तिसऱ्या जादा वेळेपासून नियम असा की प्रत्येकाने तीन यार्डांवरून एकच प्रयत्न करायचा, दोन गुणांसाठी. एक डाव यांचा, एक त्यांचा. माझ्या पुढच्या रांगेत निळी टोपी घातलेला एक बाप दरवेळी मुलाचे डोळे झाकायचा आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघायचा. सहा जादा वेळा झाल्या. एवढा लांबलेला बाउल त्याआधी झालाच नव्हता. टोलीडो 48, पिट्सबर्ग 46. बक्षीस काय, तर एक चषक आणि भेटवस्तूंची पिशवी. लोक खुर्च्यांवर उभे होते.

प्रश्न : बाकीचे जाऊ देत, रोझ बाउल तरी शाबूत राहील ना?
*— एक वाचक, सॅन होझे*

उत्तर : स्टेडियम राहील, डोंगर राहतील. मजकूर बदलला.

1947 पासून तिथे सहसा बिग टेनचा विजेता आणि पश्चिम किनाऱ्याचा विजेता भिडायचे. 2024 मध्ये पश्चिम किनाऱ्याची परिषद फुटली आणि तिच्यातली चार मोठी कॉलेजं बिग टेनमध्येच आली. लगेच 1 जानेवारी 2025 ला रोझ बाउलमध्ये ओरेगन विरुद्ध ओहायो स्टेट, दोन्ही बिग टेनचेच! ओहायो 41-21 ने जिंकलं. मिशिगनच्या माणसाला हे लिहिताना काय होतं ते विचारू नका. आणि तो तर प्लेऑफचा उपांत्यपूर्व सामना होता. जिंकलेल्यांनी पॅसाडीनात गुलाब तोंडात धरून फोटो काढले आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या सामन्याची तयारी. आमच्या वेळी त्या गुलाबापुढे काही नव्हतं. 2026 मध्ये इंडियानाने तिथे अलाबामाला 38-3 ने झोपवलं, पुढे ते देशाचे विजेतेही झाले. एके काळी त्यांची गणती पराभूतांमध्येच व्हायची. प्लेऑफ नसता तर हे झालं नसतं, एवढं मी कबूल करतो.

वेळेचंही तेच. दुपारी दोनची सुरुवात आणि शेवटच्या टप्प्यात सॅन गॅब्रिएल डोंगरांवर मावळतीचा रंग, यासाठी पॅसाडीनाकर वर्षानुवर्षं हटून बसले होते. 2026 मध्ये टीव्हीच्या सोयीसाठी सामना एक वाजता लागला. ज्यांनी सूर्यासाठी एवढा हट्ट धरला त्यांनी एक तास देऊन टाकला, तिथेच मला त्यांची आजची ऐपत कळली.

प्रश्न : मुलांना एखादा बाउल प्रत्यक्ष दाखवावा का? एवढे पैसे घालावेत का?
*— एक आई, एडिसन, न्यू जर्सी*

उत्तर : जरूर दाखवा, आणि विमानाचं तिकीट काढू नका. डिसेंबरअखेर ब्राँक्समध्ये यांकी स्टेडियमवर पिनस्ट्राइप बाउल असतो. 2023 मध्ये तुमच्या न्यू जर्सीचं रट्गर्स तिथेच मायामीला 31-24 ने हरवून आलं. टीम जाहीर झाल्या झाल्या तिकिटं घेऊ नका. सामन्याच्या आठवड्यात विकणाऱ्यांनाच घाई होते आणि भाव उतरतो. बसायची जागा बेसबॉलच्या हिशेबाने बांधलेली आहे, त्यामुळे स्वस्त कोपऱ्यातून अर्धं मैदान तिरपं दिसतं. नकाशा बघून घ्या. हातमोजे दोन-दोन जोड. मध्यंतरात बँड चुकवू नका, वडापाव आणायला त्या वेळी कोणी उठायचं नाही (तो आत नेऊ देतात का ते आधी विचारा). मॅनहॅटनमधून सबवेची 4 किंवा डी गाडी धरून 161 व्या रस्त्याला उतरा, मोटार घरीच ठेवा.