एकाच रसायनावरच्या चार रिव्ह्यूंचे निष्कर्ष वेगळे असतील, तर विश्वास कोणावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा: एका रसायनावरचे चार सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (म्हणजे आधीचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून काढलेले आढावे) वाचले, चारही पेपरांत प्रिझ्माचा, म्हणजे असा रिव्ह्यू कसा लिहावा याच्या चेकलिस्टचा, तक्ता व्यवस्थित भरलेला आहे, तरी दोन म्हणतात धोका आहे आणि दोन म्हणतात पुरावा अपुरा. मग दर्जा ठरवायचा कशावरून?

आधी प्रिझ्माबद्दल बोलू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. प्रिझ्मा ही लिहिण्याची शिस्त आहे. 2020च्या आवृत्तीतले 27 मुद्दे एवढंच बघतात की काय केलं ते पेपरात सांगितलंय का. जे केलं ते बरोबर होतं का, हे त्यातून कळत नाही. एखाद्याने एकाच डेटाबेसमध्ये शोध घेतला आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं, तर त्याचा रकाना भरतो. शोध मात्र तोकडाच राहतो.

मी काही वर्षं अशा रिव्ह्यूंचं परीक्षण करतोय. हातात पेपर आला की मी सारांश बाजूला ठेवतो आणि थेट फॉरेस्ट प्लॉट उघडतो, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा निकाल एका ओळीत आणि त्याला दिलेलं वजन चौकोनाच्या आकाराने दाखवणारी आकृती. सगळ्यात जास्त वजन मिळालेला अभ्यास कोणता ते बघायचं, त्याचा मूळ पेपर मिळवायचा आणि रिव्ह्यूमधला आकडा तिथे सापडतो का ते तपासायचं. अर्धा तास लागतो, पण या अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्याही चेकलिस्टमधून कळत नाही.

एकदा असंच एक लहानसं सर्वेक्षण प्लॉटमध्ये सगळ्यांवर भारी पडलेलं दिसलं. जेमतेम शंभर माणसं, आणि चौकोन मात्र हजारोंच्या कोहॉर्टपेक्षा (दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या गटापेक्षा) मोठा. मूळ पेपर काढला. त्यात सरासरीपुढे ± करून दिलेला आकडा स्टँडर्ड एरर (सरासरीचा अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) होता आणि रिव्ह्यू करणाऱ्यांनी तो स्टँडर्ड डेव्हिएशन (माणसामाणसांतल्या फरकाचं माप) समजून भरला होता. शंभर माणसांच्या गटात स्टँडर्ड एरर हा डेव्हिएशनच्या एक दशांश असतो. म्हणजे तो अभ्यास होता त्यापेक्षा दहापट अचूक भासत होता, आणि वजन अचूकतेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे साध्या हिशोबात शंभरपट. त्याच प्लॉटमध्ये खाली दोन ओळी होत्या, पहिला लेखक वेगळा, वर्ष वेगळं, पण गर्भवती स्त्रियांचा गट तोच. एकच पुरावा दोनदा मोजलेला. प्रिझ्माचा तक्ता मात्र पूर्ण होता.

पर्यावरण-आरोग्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी औषधांच्या रिव्ह्यूंमध्ये सहसा इतकी कळीची नसते: रसायनाशी आलेला संपर्क मोजला कसा आणि कधी. औषधाचा डोस ठरवून दिलेला असतो. इथे माणूस वर्षानुवर्षं हवा, पाणी, धूळ यांतून काय काय घेत असतो आणि आपण त्याचा अंदाज एका रक्ताच्या नमुन्यावरून बांधतो.

याचं पीएफओएचं (नॉनस्टिक लेपाच्या निर्मितीत वापरलं गेलेलं, शरीरात दीर्घकाळ टिकणारं रसायन) उदाहरण मला फार शिकवून गेलं. 2014 साली नेव्हिगेशन गाइड या पर्यावरण-आरोग्यातल्या रिव्ह्यूंसाठी आखलेल्या पद्धतीने, गर्भाच्या वाढीवर याचा काय परिणाम होतो यावर रिव्ह्यू झाला. माणसांवरचे 18 अभ्यास, त्यातले 9 मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेल्या हिशोबात), आणि आईच्या किंवा नाळेच्या रक्तात मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम पीएफओए वाढलं की बाळाचं वजन सरासरी 18.9 ग्रॅमनी कमी, असा हिशोब निघाला. पण गरोदरपणात मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता वाढते. ज्या आईमध्ये ती कमी वाढते, तिच्या रक्तात रसायन जास्त उरू शकतं, आणि तिचं बाळही लहान असू शकतं. म्हणजे दोन्हीमागचं कारण तिसरंच असण्याची शक्यता. 2018च्या मेटा-ॲनालिसिसमध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्त घेतलेले अभ्यास वेगळे काढले, तेव्हा त्यांच्यातला संबंध खूपच क्षीण निघाला. म्हणून 2014चा रिव्ह्यू वाईट ठरतो का? माझ्या मते अजिबात नाही. पद्धत उघड मांडलेली होती, म्हणूनच पुढच्यांना नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळलं. रिव्ह्यूचा दर्जा आणि त्याच्या निष्कर्षाचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या चार रिव्ह्यूंमध्ये नमुना कधी घेतला हे कोणी वेगळं करून पाहिलंय का, ते आधी शोधा.

साधनांचं थोडक्यात सांगतो. ॲमस्टार-2 ही रिव्ह्यूंचा दर्जा तपासायची प्रश्नावली वापरा, पण गुणांची बेरीज करू नका. ती न करण्याची सूचना त्याच्या कर्त्यांनीच दिली आहे. 16 पैकी 7 बाबी कळीच्या मानल्या आहेत आणि त्यांतल्या एकापेक्षा जास्त चुकल्या तर विश्वास ‘अत्यंत कमी’ या पायरीवर येतो. शिवाय ते उपचारांच्या रिव्ह्यूंसाठी बनवलेलं आहे, संपर्काच्या मोजमापाविषयी फारसं काही विचारत नाही. पुराव्याची पातळी कशी ठरवली हेही बघा. ग्रेड या पुराव्यावरचा भरवसा ठरवणाऱ्या चौकटीच्या मूळ पद्धतीत निरीक्षणात्मक अभ्यास ‘कमी’ पासून सुरू होतात, नेव्हिगेशन गाइडमध्ये ‘मध्यम’ पासून. माणसांना मुद्दाम विषारी द्रव्य देऊन प्रयोग करता येत नाही, त्यामुळे मला दुसरी सुरुवात जास्त न्याय्य वाटते. तुमच्या चार रिव्ह्यूंमधला फरक निव्वळ या एका निवडीतूनही आलेला असू शकतो.

‘12 पैकी 7 अभ्यासांत संबंध आढळला नाही’ असं वाक्य दिसलं तर थांबा. ही मतमोजणी आहे. लहान अभ्यासात परिणाम सांख्यिकीय कसोटीला न उतरणं आणि परिणामच नसणं, यांत मोठं अंतर आहे.

आणि पैसा. रिव्ह्यूला पैसा कोणी दिला हे सांगणारी तळटीप वगळू नका. 1998 साली डेबोरा बार्न्स आणि लिसा बेरो यांनी दुसऱ्याच्या धूम्रपानाचा धूर श्वासात जाण्यावरचे 106 रिव्ह्यू तपासले. 39 रिव्ह्यूंचा निष्कर्ष होता की हा धूर हानिकारक नाही, आणि त्यातले 29 तंबाखू उद्योगाशी संबंधित लेखकांचे होते. रिव्ह्यूचा दर्जा, विषय, प्रसिद्धीचं वर्ष हे सगळं हिशोबात धरल्यावरही निष्कर्षाशी जोडलेली एकच गोष्ट उरली, ती म्हणजे लेखकांचा उद्योगाशी संबंध. अर्थात उद्योगाच्या पैशावर झालेला प्रत्येक रिव्ह्यू फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. पण अशा पेपरात वगळलेल्या अभ्यासांची यादी मी दुप्पट लक्ष देऊन वाचतो.

आता तुमचं काम. एक कागद घ्या, डावीकडे चारही रिव्ह्यूंमधले सगळे मूळ अभ्यास लिहा आणि पुढे प्रत्येक रिव्ह्यूचा एक असे चार रकाने करा: कोणत्या रिव्ह्यूने तो घेतला, कोणी वगळला, कोणाला सापडलाच नाही. प्रोटोकॉल (रिव्ह्यूचा आधी ठरवलेला आराखडा) प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या आगाऊ नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवला असेल तर त्यातला प्रश्न आणि छापलेला प्रश्न शेजारी ठेवून बघा. मोजायचा परिणाम मध्येच बदललेला बरेचदा इथेच सापडतो. मग ज्या दोन-तीन अभ्यासांबाबत चौघांचं पटत नाही, तेवढे मूळ पेपर स्वतः वाचा. कोणता अभ्यास वादाचा निघाला ते इथे कळवलंत तर मीही तो मूळ पेपर वाचून माझं मत लिहीन.