तोड्याची बंदूक : यातला ‘तोडा’ कोणता?

औशाहून एका वाचकाने विचारले आहे : “घरात पणजोबांपासूनची एक लांब नळीची बंदूक आहे. आजोबा तिला ‘तोड्याची बंदूक’ म्हणत. नळीवर चांदीच्या पट्ट्या आहेत, त्या हातातल्या तोड्यांसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले, असे घरात सांगतात. गावातले जाणते लोक तिला ‘ठासणीची’ म्हणतात. खरे नाव कोणते? आणि नोंद करून ठेवायची तर काय लिहावे?”

नावे दोन्ही खरी आहेत. पट्ट्यांचा मात्र नावाशी संबंध नाही.

मराठीत तोडे अनेक. हातापायांतले दागिने, रुपयांची थैली, आणि बंदुकीला बत्ती देणारा दोर. आजोबांच्या तोंडी होता तो हा तिसरा. सुताचा किंवा अंबाडीसारख्या तंतूचा पीळदार दोर सोऱ्याच्या (दारूत घालतात त्या क्षाराच्या) पाण्यात भिजवून वाळवला की तो भडकत नाही, तासन्‌तास धुमसत राहतो. यालाच जामगीही म्हणत. बंदुकीतल्या चिमट्यात त्याचे पेटते टोक अडकवायचे. चाप ओढला की चिमटा खाली झुकतो, टोक नळीच्या बाजूच्या खोलगट पाळीतल्या बारीक दारूला लागते. ती दारू म्हणजे रंजक. रंजकेची आग नळीच्या छिद्रातून आत शिरते आणि बार उडतो. त्या छिद्राला ‘कान’ म्हणतात. तोफेलाही असाच कान असतो. दौलताबादला मेंढा तोफ पाहाल किंवा परांड्याच्या बुरुजांवरच्या तोफा पाहाल तेव्हा मागच्या अंगाला तो शोधा. सोडून द्याव्या लागणाऱ्या तोफा शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून कानात खिळे ठोकत, ते याच कानात.

चांदीच्या पट्ट्या नळी आणि लाकडी कुंदा एकत्र धरून ठेवतात. उरलेला दोर कुंद्याभोवती गुंडाळलेला असे. दोर गेला, पट्ट्या राहिल्या, आणि नावाचा अर्थ पट्ट्यांकडे सरकला असावा, असा माझा अंदाज.

आता ‘ठासणीची’. तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, ती ठासणीची. ‘ठासून सांगणे’ यातले क्रियापद हेच. म्हणजे ‘ठासणीची’ हे नाव बंदूक भरायची कशी ते सांगते आणि ‘तोड्याची’ हे पेटवायची कशी ते. तुमच्याकडची तोड्याची बंदूक ठासणीचीच. पण ठासणीची प्रत्येक बंदूक तोड्याची नसते. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी चकमकीची आणि तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटणारी टोपीची, या दोन्हीही ठासणीच्याच. गडचिरोलीकडच्या पोलिसांच्या बातम्यांत ‘भरमार’ वाचतो, तीही याच घराण्यातली.

हा फरक किरकोळ नाही. आपल्या मराठवाड्यातल्या लढायांचा इतिहास त्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईला इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर शिंद्यांचे जे कवायती कंपू, म्हणजे युरोपी पद्धतीने तयार केलेल्या पलटणी, उभे होते, त्यांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. पण गढीचा पहारेकरी, वतनदाराचा शिपाई यांच्याकडे तोड्याची बंदूक त्यानंतरही कितीतरी वर्षे टिकली. ती गावचा लोहार दुरुस्त करू शके आणि चांगली गारगोटी मिळवण्याची चिंता नसे. म्हणून ‘तोड्याची आहे, म्हणजे उदगीरच्या १७६० च्या लढाईतली’ असा उडी मारणारा निष्कर्ष काढू नका. नुसत्या चापाच्या पद्धतीवरून साल ठरत नाही. विकणारे लोक सरसकट ‘मुघलकालीन’ लिहितात तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण तेवढ्या एका शब्दाने घराण्याची खरी हकीगत कायमची पुसली जाते.

तुमची बंदूक खरोखर तोड्याची आहे का, हेही तपासा. कुंद्याच्या वरच्या अंगाला फट आणि तीतून डोकावणारा चिमटा असेल तर तोड्याची. नळीच्या बुडाशी टोपी बसवायची छोटी बोंडी असेल तर जुनी बंदूक पुढे टोपीची करून घेतलेली असू शकते. मग दोन्ही गोष्टी लिहा.

त्याआधी एक काम. अशा नळीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. लाकडी काठी हलक्या हाताने नळीत जाईल तेवढी घाला, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहा. खूण तोंडाशी जुळवल्यावर काठीचे टोक कानापासून बरेच अलीकडे थांबले, तर आत काहीतरी आहे. मग हात लावू नका, पोलिसांना कळवा. आत काही नसले तरी कायद्याची बाजू जिल्हा शस्त्र परवाना शाखेकडे विचारून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात निकामी झालेल्या, दुरुस्त होऊनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना सूट आहे, पण आपले हत्यार त्यात बसते की नाही हे आपणच ठरवू नये. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवता येत नाही.

दसऱ्याच्या पूजेआधी चिंच-राखेने घासायची सवय असेल तर ती मोडा. नळीवर अक्षरे किंवा चांदीची कोफ्तगरी (लोखंडात ठोकून बसवलेली तारेची नक्षी) असेल तर घासण्यात तीच आधी जाते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, हळद-कुंकू लोखंडावर राहू देऊ नका.

नोंदीत मी असे लिहीन : “तोड्याची बंदूक, ठासणीची. घरातले नाव ‘तोड्याची’, आजोबांच्या तोंडचे. पट्ट्यांवरून नाव पडले असा घरातला समज.” समज चुकीचा असला तरी गाळू नका, फक्त ‘समज’ म्हणूनच लिहा. नळीची लांबी, कोरलेली अक्षरे जशी दिसतात तशी, आणि बंदूक घरात कोणाकडून आली हे ज्याने सांगितले त्याचे नाव व तारीख. तुमच्या घरात अजून कोणी आजोबांच्या पिढीतले असेल तर रंजक, गज, दारूचे शिंग, तोसदान (काडतुसांची पिशवी) हे शब्द त्यांच्यासमोर एकेक उच्चारून पाहा. कोणत्या शब्दाला ते ओळख देतात आणि त्याऐवजी वेगळा कोणता शब्द सांगतात, ते मला जरूर कळवा. औशाकडचे शब्द माझ्या टिपणात फार थोडे आहेत.