रंगाचा डबा आधी बाजूला ठेव

प्रिय,

प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणांची खोली तुझ्या ताब्यात आली, हे वाचून बरं वाटलं. पण 'वरिष्ठांच्या पाहणीआधी सगळं घासून, रंग मारून चकचकीत करणार' हे वाक्य आलं आणि हातातला चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

१९४० साली ब्रिटिशांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारसाठी सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी, अमेरिकेला नेला. सोबतच्या आराखड्यात सहा पोकळ्या होत्या. तिथल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत त्याचा एक्स-रे काढला, तर आत आठ! रचना बदलली होती, कागद मागेच राहिला होता. प्रयोगशाळेत हे नेहमीचंच. आराखडा एक सांगतो आणि झाकण उघडलं की दिसते मागाहून डाख दिलेली तार, बदललेला रेझिस्टर, पॅनेलवर पेन्सिलीनं लिहिलेलं 'याच्यापुढे फिरवू नये'. असंच एक लिखाण मी तरुणपणी स्पिरिटच्या एका बोळ्यात घालवलं. ते का लिहिलं होतं, हे सांगणारा तोवर राहिला नव्हता. म्हणून आधी फोटो, मग नोंदवहीत क्रमांक, आणि पुसायचंच तर मऊ ब्रशनं फक्त धूळ.

'एकदा चालू करून बघू' हा मोह तर फारच वाईट. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (हा वीज साठवणारा भाग) ऑक्साइडचा थर कमकुवत झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कपॅसिटर तापतो, फुटतो आणि शेजारचंही घेऊन जातो. जुने सेल मात्र आजच काढ. ते गळले की खालचा पत्रा खातात.

आणि हो, अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायली. आता चमकत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नकोस. थकतं ते त्यांच्या रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड. त्याला चमकवणाऱ्या किरणोत्सर्गी रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडायची नाही. किरणोत्सर्ग सुरक्षेची माणसं मोजून जाईपर्यंत त्या वेगळ्या ठेव. ट्रान्सफॉर्मरमधल्या जुन्या तेलालाही तपासणीआधी हात नको.

राहिले ही उपकरणं वापरलेले निवृत्त तंत्रज्ञ. त्यांना 'आठवणी सांगा' म्हटलं की भाषण मिळतं. त्यापेक्षा उपकरण समोर ठेव आणि त्यांचा हात आपोआप कुठल्या बटणाकडे जातो ते बघ. तिथून बोलणं सुरू होतं. बाहेरच्या माणसाला आत घ्यायला आणि रेकॉर्डिंग करायला सुरक्षा विभागाची परवानगी लागेल. तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज उद्याच टाक.

तुझा,
जुना सहकारी