प्लाझ्माच्या प्रकाशावरून निकोटीन ओळखता येईल का?

प्रश्न : प्लाझ्मात (अतिशय तापलेल्या, विद्युतभारित कणांच्या वायूत) प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते, असे आम्हाला शिकवले आहे. मग आमच्या भागातील तंबाखूच्या पानातून वेगळा केलेला पदार्थ प्लाझ्मात सोडून तो निकोटीनच आहे, असे सिद्ध करता येईल का?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : केवळ त्या प्रकाशावरून नाही. आर्गॉन प्लाझ्माचे तापमान साधारण ६,००० ते १०,००० केल्व्हिन असल्यामुळे सेंद्रिय रेणूचे बंध तुटतात, अणू सुटे होतात आणि उत्तेजित झालेले हे अणू खालच्या ऊर्जापातळीवर येताना ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशरेषांतून आपली खूण दाखवतात. कार्बनची एक ठळक रेषा २४७.९ नॅनोमीटरला, तर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरला मिळते. कोणता अणू कोणाशी जोडलेला होता, हे मात्र या अणुरेषा सांगत नाहीत. निकोटीनच्या रेणूत १० कार्बन, १४ हायड्रोजन व २ नायट्रोजन अणू असतात, आणि तंबाखूतच अल्प प्रमाणात सापडणाऱ्या ॲनाबेसीनचे रेणुसूत्रही नेमके हेच आहे.

मूलद्रव्यांचे प्रमाण काढणेही वाटते तितके सरळ नाही. नमुना पाण्यात विरघळवला, तर पाण्यातीलच हायड्रोजन व ऑक्सिजन मोजले जातात. लेझरच्या स्पंदाने हवेत प्लाझ्मा निर्माण केला, तर ३८८.३ नॅनोमीटरला कार्बन-नायट्रोजन जोडीची पट्टी दिसते. परंतु तेवढ्यावरून नमुन्यात नायट्रोजन आहे असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण ज्यात नायट्रोजन मुळीच नाही अशी साखर ठेवली तरी तिचा कार्बन हवेतील नायट्रोजनशी जुळून तीच पट्टी देऊ शकतो.

म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीने घटक आधी वेगळे करून ते एकेक हेलियमच्या प्लाझ्मात सोडण्याची पद्धत आहे. तेथे कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण ५:१ आढळले आणि घटक वेगळे करणाऱ्या नळीतून (स्तंभातून) बाहेर पडण्याची वेळही शुद्ध निकोटीनशी जुळली, तर पुरावा बराच भक्कम होतो. तरीही अंतिम निर्णयासाठी वस्तुमान वर्णपट (रेणू व त्याच्या तुकड्यांची वस्तुमाने दाखवणारा आलेख) घ्यावा, असे माझे मत आहे. (शुद्ध निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाणारे विष आहे, त्यामुळे हा प्रयोग घरी करू नये.)

तंबाखूसाठी आर्गॉन प्लाझ्माचा खरा उपयोग धातू मोजण्यात आहे. हे झाड जमिनीतील कॅडमियम पानांत साठवते आणि पान नायट्रिक आम्लात पचवून केलेल्या द्रावणात तो २२८.८ नॅनोमीटरच्या रेषेवर मोजता येतो.