खातं मायनसमध्ये, व्याजावर व्याज: वाचकांचे प्रश्न

हिंजवडी: नोकरी बदलल्यावर जुनं सॅलरी अकाउंट तसंच पडून होतं. आता बॅलन्स उणे २,३६० दिसतोय, आधी हे भरा मगच अकाउंट बंद करू असं बँक म्हणते. भरू का?

लगेच भरू नका. पगार यायचा थांबला की बँक ते खातं साध्या सेव्हिंगमध्ये टाकते आणि मिनिमम बॅलन्सचा नियम लागतो, इथपर्यंत बँक बरोबर आहे. पण आरबीआयचं २० नोव्हेंबर २०१४ चं सर्क्युलर आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं, त्यात सरळ म्हटलंय की बॅलन्स कमी पडला तर आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, महिनाभर वाट बघायची आणि मगच दंड, तोही जेवढे पैसे कमी पडले त्याच्या प्रमाणात, आणि निव्वळ ह्या दंडामुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. तुमचं स्टेटमेंट काढून बघा. बॅलन्स शून्य, त्याखाली २,००० चार्ज आणि ३६० जीएसटी, अशा ओळी असतील तर बँकेकडे सांगायला काही उरत नाही.

ब्रँचमध्ये तोंडी भांडू नका हो, मॅनेजरची बदली होते आणि बोललेलं सगळं हवेत जातं. ईमेल करा, नोटीस कुठल्या तारखेला पाठवली ते विचारा, तक्रार नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करा, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

भोसरी: आमचं छोटं वर्कशॉप आहे. स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचा मालाचा हिशेब) उशिरा दिलं म्हणून सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या खात्याला २ टक्के जादा व्याज लावलं, वर ते बाकीत धरून त्यावर परत व्याज. कोर्टात जावं का?

नुसता दर जास्त आहे म्हणून जाल तर हाती काही लागणार नाही. बँकिंग रेग्युलेशन ॲक्टमध्ये १९८४ पासून कलम २१अ आहे, व्याजदर अवाच्या सवा आहे एवढ्यावरून कोर्टाला बँकेचा हिशेब उकरता येत नाही. तुमची खरी बाजू दुसऱ्या मुद्द्यात आहे आणि ती भक्कम आहे. सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र ह्या २००१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की करारात ठरलेलं व्याज मुद्दलात मिळवता येतं, दंडव्याज, म्हणजे तुम्हाला चूक झाली म्हणून लावलंय तसं जादा व्याज, मिळवता येत नाही. पुढे १८ ऑगस्ट २०२३ ला आरबीआयने दंडव्याजाचा प्रकारच बंद केला, नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्यांना ३० जून २०२४ पर्यंत. आता फक्त वाजवी पेनल चार्ज घेता येतो, त्यावर व्याज नाही. बँकेकडून महिन्यागणिक व्याजाचा हिशेब लेखी मागा आणि सीएकडून तपासून घ्या, मग कोर्टाआधी लोकपाल. आणि सीसी रिन्यू करताना सँक्शन लेटर (कर्जाच्या अटींचं मंजुरीपत्र) वाचल्याशिवाय सही करू नका, कळकळीने सांगतोय.

कोथरूड: क्रेडिट कार्डवर महिना साडेतीन टक्के लागतात, पण वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे ना?

होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता, सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. म्हणजे वर्षाचे ४२ टक्के कायद्याने चालतात. मिनिमम ड्यू भरत राहू नका, स्वस्त पर्सनल लोन मिळत असेल तर ते घेऊन कार्ड मिटवा.

हडपसर: पतसंस्थेने असंच जादा व्याज लावलंय, लोकपाल ऐकेल का?

नाही, पतसंस्था आरबीआयकडे येत नाही. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे लेखी अर्ज द्या, सोबत कर्जखात्याचा उतारा जोडा आणि पोच घ्या.