बेळगाव-वेंगुर्ला रस्ता कुठून जातो आणि तो किती जुना आहे?

हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची. इथं कर्नाटक संपतं. पुढं शिनोळी, पाटणे फाटा, मग आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि वेंगुर्ला.

रस्ता ब्रिटिश काळातला. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीला याच वाटेनं यायचा, आंबोली हा वाटेतला मुक्काम. १८८०च्या दशकात बेळगावला रेल्वे आली नि बंदराचं महत्त्व घटलं.

सीमेची गंमत वेगळीच. चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, म्हणजे त्या तालुक्यातल्या शिनोळीला जाणं हे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जाणं! आता बाची ओलांडली की पाट्या कन्नडच्या मराठी होतात. बोलणं मात्र दोन्हीकडं तेच. जुनी माणसं अजून नुसतं ‘वेंगुर्ला रोड’ म्हणतात, रस्त्याचा नंबर कुणी विचारत नाही.